पोटगीसाठी वाढपी

वेंगुर्ल्याचा काजूचा कारखाना बंद झाला, त्या दिवशी फाटकाबाहेर उभे असलेले सगळे आपापल्या काळज्या बोलून दाखवत होते. कुणाला मुलीचं लग्न दिसत होतं, कुणाला घराची शाकारणी. माझ्या मनात सगळ्यात आधी आली ती महिन्याची पाच तारीख. पाच तारखेच्या आत देवगडला पंचवीस रुपयांची मनिऑर्डर पोचली पाहिजे, असा कोर्टाचा हुकूम होता. ती ज्या बाईच्या नावाने जात होती, ती दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझी बायको होती.

मी कारखान्यात कारकून होतो. बाहेरून येणारा कच्चा काजू यायचा थांबला आणि आपल्याकडचा काजू दोन महिनेही पुरेना, तेव्हा मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. वाईट त्यांनाही वाटत होतं. प्रत्येकाच्या हातात पगार आणि शेरभर काजूगर ठेवून त्यांनी हात जोडले. ते काजूगर घेऊन मी घरी आलो आणि आईला म्हणालो, "नोकरी गेली." आई म्हणाली, "मगे आता तिका पैसे धाडू नको. कोर्टाक सांग, नाय आसत म्हणान."

घटस्फोट हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या तोंडात नीट बसत नव्हता. टाकलेली बाई सगळ्यांना माहीत होती. पण बाईनेच कोर्टात जाऊन नवऱ्यापासून सुटका मागावी आणि कोर्टाने ती द्यावी, वर पोटगीही द्यावी, हे नवीन होतं. कायदाच नवीन होता. रत्नागिरीच्या जज्जसाहेबांनी निकाल वाचला त्यात 'क्रूरपणा' असा शब्द आला. तो मला फार लागला. मी कधी हात उचलला नव्हता, दारू प्यालो नव्हतो, बाहेर काही केलं नव्हतं. मी फक्त गप्प बसलो होतो. तिने केलेली आमटी आई चुलीवरून उतरवायची, परसात नेऊन माडाच्या मुळात ओतायची आणि स्वतः दुसरी करायची. मी ते पाहायचो आणि पानात पडेल ते जेवायचो. अशी पाच वर्षं गेली. एका चतुर्थीला ती माहेरी, देवगडजवळच्या जामसंड्याला गेली ती आलीच नाही. मग वकिलाचं पत्र आलं.

नोकरी गेल्यावर पहिल्या महिन्याची पोटगी मी शिल्लक होती त्यातून भरली, दुसऱ्या महिन्याची सायकल विकून. तिसऱ्या महिन्यात विकण्यासारखं काही उरलं नाही. वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "अर्ज करू. परिस्थिती बदलली म्हणून पोटगी कमी करा, नाहीतर तहकूब करा. कायद्यात सोय आहे. तिला नोटीस जाईल, ती येईल, तिचं म्हणणं मांडेल."

मी कोऱ्या कागदाकडे पाहत बसलो. पुन्हा तिला म्हाताऱ्या बापाला घेऊन एसटीने रत्नागिरीला यावं लागणार. पुन्हा त्या बाकावर लोकांच्या नजरा झेलत बसावं लागणार. मी वकिलांना म्हटलं, "आठ दिवस थांबा. मी आधी तिला जाऊन सांगतो."

"पक्षकार असं जाऊन सांगत नसतात," वकील म्हणाले.

"मला माहीत आहे," मी म्हटलं आणि उठलो.

वेंगुर्ल्याहून जामसंड्याला जायचं तर तेव्हा अख्खा दिवस मोडायचा. दोन एसट्या बदलून मी कणकवलीला पोचलो, रात्री स्टँडवरच टेकलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. वाटभर काय बोलायचं ते मनाशी घोकत होतो. तिने माहेरच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत खानावळ काढल्याचं कानावर आलं होतं. देवगडला कोर्ट, कचेरी, बंदर, आणि इकडे हायस्कूल. एकटी राहणारी माणसं भरपूर होती. मी दारात उभा राहिलो तेव्हा बरोबर जेवणाची वेळ होती. आत बारा-पंधरा माणसं पाटांवर बसलेली. पडवीत तिचे वडील जाळं विणत होते. ते गलबतावर तांडेल होते, आयुष्यभर खलाशांवर हुकूम चालवलेला माणूस. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

ती भाताचं भांडं घेऊन बाहेर आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम. मला पाहून थबकली.

"तुमी?"

"मी पैशांचा सांगूक इलंय," मी म्हटलं. "गोष्ट अशी आसा, की कारखानो..."

"ता मागीर," ती म्हणाली. "वाढपी तापान पडलो आसा. माणसां पानावर बसली आसत. हात धुवा आणि ह्यो भात घेवा."

मी पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि भात घेतला. आता विचार केला तर वाटतं, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. पण तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं. तिने भांडं पुढे केलं आणि मी धरलं, इतकंच.

वाढणं सोपं नसतं. कोर्टातल्या एका कारकुनाच्या भातावर मी आमटीऐवजी सोलकढी ओतली. हायस्कुलातल्या एका मास्तरांना मासळीचा तुकडा वाढला आणि मग कळलं की त्यांचा सोमवार होता. त्यांनी पान सरकवून सौम्यपणे विचारलं, "नवीन आहात का?" मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात आतून तीच म्हणाली, "आजच्या दिवसाचे आसत."

सगळे उठून गेल्यावर तिने मला पान वाढलं. बांगड्याचं तिखलं होतं आणि उकड्या तांदळाचा भात. मी जेवलो. दुसऱ्यांदा भात मागितला. पाच वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला तिच्या हातचं मी कधी नीट जेवलोच नव्हतो, हे मला त्या पानावर बसून कळलं. मी पाणी प्यालो आणि पुन्हा जेवू लागलो.

मग हात धुऊन मी सगळं सांगितलं. कारखाना बंद झाला. पैसे नाहीत. पळून जाणार नाही. काम मिळालं की मागचेही देईन. वकील अर्ज करा म्हणाले, पण मी अजून केलेला नाही, आधी तुझ्या कानावर घालावं म्हणून आलो.

ती भांडी उपडी घालत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "इतक्या सांगूक वेंगुर्ल्यासून इलास?"

"व्हय."

"पाच वर्सांत तुमी एका दमात इतक्या कधी बोललास नाय."

तिने शेवटचं भांडं उपडं घातलं. मग म्हणाली, "ह्यो वाढपी पुढल्या म्हयन्यात मुंबयक जातलो. माका माणूस व्हयो. चाळीस रुपये आणि दोन वेळचा जेवाण. त्यातले पंचवीस तुमी माका पोटगीचे देवचे."

"म्हंजे तुझेच पैसे तुकाच?"

"माझे कसे? काम केल्यार ते तुमचे. तुमी दिल्यार मगे माझे."

पडवीतून तिच्या वडिलांचा आवाज आला. ते तिच्याशी बोलत होते. "तेका सांग, कामाक व्हयो तर येवने. पण ह्या घरात रवाक गावाचा नाय."

मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. तिने मान वळवून मला सांगितलं, "बाबा सांगतत, हयसर रवाक गावाचा नाय."

"ऐकलंय," मी म्हटलं.

राहायला मला जामसंड्यातल्याच एका बागाईतदाराने हापूसच्या बागेतला मांगर दिला. मांगर म्हणजे राखणीसाठी बांधलेली खोपटी. बागेवर नजर ठेवायची, भाडं नाही. वेंगुर्ल्याला आईला पत्र लिहिलं की काम मिळालं, जेवणाखाण्याची सोय आहे. कुठे, ते लिहिलं नाही. आईकडे थोडे माड होते, भातशेतीचा लहानसा कुणगा होता, तिचं भागत होतं.

मग माझा दिवस असा सुरू झाला. सकाळी देवगडच्या बंदरावर होड्या लागायच्या आत पोचायचं. मासळी कशी निवडायची हे मला येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी जी सुरमई आणली ती बघून तिने वास घेतला आणि ती मांजराला घातली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्याबरोबर आली. कल्ले उचलून लाल आहेत का पाहायचं, अंगठा दाबून मांस वर येतं का पाहायचं, मासळीवालीने शपथ घातली तरी तिसऱ्या टोपलीपर्यंत पाकीट काढायचं नाही. बंदरावरच्या बाया आम्हा दोघांना बघून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "ह्यो तुझो घोव मा गो?" एकीने विचारलं. "हुतो," ती म्हणाली आणि कोलंबीचा भाव विचारला.

परत आलो की नारळ फोडायचे, आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून खोबरं खवायचं, मसाला रगडायचा. माझे कारकुनी हात. पहिल्या दिवसांत बोटं सोलून निघाली. पण मला काम आवडू लागलं. कारखान्यात मी वर्षानुवर्षं पोत्यांचे आकडे लिहिले, पण त्या आकड्यांनी कधी ढेकर दिला नाही. इथे एक माणूस दमून येऊन बसायचा आणि अर्ध्या तासाने तोच माणूस पोटावर हात फिरवत, विड्याचं पान जुळवत उठायचा. ते मी डोळ्यांनी पाहत होतो.

पहिल्या पगाराचा दिवस मला स्पष्ट आठवतो. तिने माझ्या हातावर चाळीस रुपये ठेवले. मी पंधरा खिशात घातले आणि पंचवीस तिच्यापुढे धरले. तिने ते मोजून डब्यात टाकले आणि पावती लिहायला बसली. तिच्या वकिलाने बजावलं होतं की पैसे मिळाले की पावती द्यायची, वर रेव्हेन्यूचं तिकीट लावून. तिने तिकीट जिभेला लावून चिकटवलं, त्यावर आडवी सही केली आणि पावती मला दिली. मी ती वाचली. पाहिलं तर पडवीत तिचे वडील पाठ करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं खोकला लागला. पण ते हसत होते.

गावाला गजाली करायला बरं निमित्त मिळालं. कोर्टात तारखेला आलेले लोक मुद्दाम वाट वाकडी करून आमच्याकडे जेवायला येऊ लागले. पानावर बसून कढी पुन्हा पुन्हा मागायचे, मला नीट बघता यावं म्हणून. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तिला म्हटलंही, "लोकां बघूक येतत."

"येवंदेत," ती म्हणाली. "बघून उपाशी जायत नाय मा?"

तिला सगळे 'वयनी' म्हणायचे. मला तसं म्हणणं शक्य नव्हतं. नावाने हाक मारायची तर तो हक्क कोर्टाने काढून घेतला होता. मग मी एकदा सहज 'मालकीण' म्हटलं आणि तेच नाव पडलं. ती मात्र मला शेवटपर्यंत तुमीच म्हणत राहिली.

फाल्गुनात काजू धरला. सोमवारी, एकादशीला आमच्याकडे निम्मी पानं रिकामी असायची, कारण त्या दिवशी तेच ते वालाचं आणि बटाट्याचं. मी तिला म्हटलं, "माका ओलो काजू हाडूक दी." ओला काजू सोलणं म्हणजे हाताची सालं काढून घेणं, त्याचा चीक चटके देतो. पण ते एक काम मला कारखान्यातल्या बायांकडे बघून येत होतं. हाताला खोबरेल लावायचं, वर राख चोळायची आणि उभा काप द्यायचा. मी टोपलीभर गर काढले. खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला, किंचित गूळ घालून उसळ केली. तिने पळीने चव घेतली. मग वाटी आणून तिच्यात दोन पळ्या घेतल्या आणि मागच्या दारी जाऊन बसली. वाटी संपवूनच आली.

"सोमवारी ह्याच करा," एवढंच म्हणाली.

महिन्याभरात अशी पाळी आली की सोमवारी जागा मिळेना. सोमवार न पाळणारेही सोमवारी येऊ लागले.

आणि अशाच एका सोमवारी दारात माझी आई उभी राहिली. वेंगुर्ल्यात कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझा झील बायकोच्या खानावळीत पानं वाढतो. ती मला न्यायला आली होती. रागाने आणि प्रवासाने तिचा चेहरा उतरला होता. मी हातात उसळीचं भांडं घेऊन तसाच उभा. आतून मालकीण आली. आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता इथे काहीतरी होणार. ती म्हणाली, "उन्हातसून इलास. पाय धुवा. पान मांडतंय."

आई बसली. का बसली कोण जाणे, भूक लागली असेल. मी भात वाढला, उसळ वाढली, तिने केलेली आमटी वाढली. आई आमटीत भात कालवू लागली. मी खांबाला टेकून पाहत होतो. आईने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. पान स्वच्छ केलं. बोटं चाटली. मग म्हणाली, "तिरफळां जास्त पडली."

"पुढच्या खेपेक कमी घालतंय," ती म्हणाली.

आई त्या दिवशी मला न्यायचं विसरून गेली की तिने विचार बदलला, ते तिने कधी सांगितलं नाही. पण पुढची खेप हे आमंत्रण आहे असं तिने धरलं. दर दोन महिन्यांनी ती यायची, कधी कोकमं घेऊन, कधी सांडगे घेऊन. स्वयंपाकघरात पाटावर बसून दोघी खोबरं वाटायच्या. एका घरात ज्यांचं पाच वर्षं जमलं नाही, त्यांचं कोर्टाने तोडल्यावर जमलं.

आई पहिल्यांदा येऊन गेली त्या संध्याकाळी मी मागच्या दारी मासळी साफ करत होतो, दुसऱ्या दिवशीसाठी खारवायला. ती पाणी ओतत होती. मी मान वर न करता आईबद्दल म्हटलं, "तेव्हा माका बोलूक व्हया हुता. आवशीक थांबवूक व्हया हुता."

ती पाणी ओतत राहिली. "व्हया हुता," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तेव्हा बोलला आसतास तर बरा झाला आसता. पण आता बोललास ताय वाया जावचा नाय."

क्रूरपणा या शब्दावरचा माझा राग त्या संध्याकाळी गेला. जज्जसाहेबांनी बरोबर लिहिलं होतं.

माझ्याकडून पहिल्या दिवशी सोमवारी मासळी वाढली गेलेले ते मास्तर आता रोजचे झाले होते. हायस्कुलात गणित शिकवायचे. मूळचे सातारकडचे, बायको चार वर्षांपूर्वी वारलेली. माणूस घाटावरचा, मासळीची सवय नाही. तरी सोमवार सोडला तर एक दिवस मासळी चुकवायचे नाहीत. पेडव्याचे काटे काढता काढता त्यांना अर्धा तास लागायचा. बाकीचे उठून जायचे, मास्तर आपले एकेक काटा पानाच्या कडेला रांगेत मांडत बसलेले. मला वाटायचं, बिचाऱ्याला जमत नाही. मग एक दिवस लक्षात आलं की त्यांची नजर पानावर नसतेच, स्वयंपाकघराच्या दाराकडे असते.

तिनेच एक दिवस मला सांगितलं. नारळ सोलत होतो. म्हणाली, "मास्तर लग्नाचा इचारतत."

कोयता माझ्या हातात तसाच राहिला. खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी कळ आली. दोन वर्षं तिच्याबरोबर रोज काम करताना मी काय धरून बसलो होतो ते मलाही तेव्हाच कळलं. पण मी तिच्याकडे पाहिलं तर तिच्या चेहऱ्यावर एक भीती होती आणि भीतीच्या मागे उजेड होता. माझ्या घरात पाच वर्षांत तो मी पाहिला नव्हता.

"तुमका काय वाटता?" तिने विचारलं.

"माका वाटता," मी म्हटलं, "तेंका आधी काटे काढूक शिकवूक व्हये."

ती हसली. इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. मग मीही हसलो आणि ती कळ हळूहळू गेली.

अडलं ते तिच्या वडिलांपाशी. "एक जावय बघलो, पुरो," म्हणाले आणि जाळं उचलून माडाखाली जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारची पानं उरकल्यावर मीच त्यांच्याकडे गेलो. दोन वर्षांत ते माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. मी समोर वाळूत बसलो.

"बाबांनू, मास्तर बरो माणूस आसा," मी म्हटलं.

त्यांनी गाठ मारली, दोरा दाताने तोडला. आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. "तिचा लगीन झाला की तुझे पंचवीस रुपये वाचतले. म्हणान इलंस."

ते खरं होतं. तिने लग्न केलं की पोटगी संपणार, असा कायदा होता. ही गोष्ट माझ्या मनात आली नव्हती असं नाही. मी म्हटलं, "लगीन झाल्यारय तुमी सांगशात तितके म्हयने देतंय. कागद करून देतंय."

त्यांनी नवा दोरा घेतला. मग विचारलं, "मासे खाता?"

"शिकता आसा."

"होडयेत बसता?"

"दर्याक भियता."

"हूं." आणखी दोन गाठी. "पयलो जावय तोंड उघडी नाय हुतो. ह्यो बोलता?"

"बोलता," मी म्हटलं. "वर्गात तर थांबतच नाय."

म्हाताऱ्याचे खांदे हलले. "आण तेका रयवारी," म्हणाले. "होडयेत बसवन बघूया."

मास्तरांना रविवारी होडीत बसवलं. ते खाडीच्या मध्यापर्यंत काठ धरून बसले, मग ओकले, मग तोंड धुऊन म्हाताऱ्याला विचारू लागले की वारा कुठल्या अंशात धरला की शीड सगळ्यात जास्त भरतं. म्हातारा सांगू लागला. दोन तासांनी होडी किनाऱ्याला लागली तेव्हा दोघांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

लग्न वैशाखात झालं, शाळेला सुट्टी होती तेव्हा. आधी कचेरीत सह्या, मग घरच्या अंगणात भटजी. जेवण मी केलं. आई आठ दिवस आधीच येऊन बसली होती. ओला काजू तेव्हा सरत आला होता, तरी चार वाड्या फिरून मी पन्नास पानांपुरता मिळवला. मास्तरांच्या सातारच्या आत्याबाई आल्या होत्या, करड्या पण प्रेमळ. उसळ तिसऱ्यांदा घेताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही मुलीकडचे कोण?"

माझ्या हातातली पळी थांबली. आजूबाजूच्या पानांवरचं जेवणही थांबलं. सगळ्या जामसंड्याला उत्तर माहीत होतं, ते मोठ्याने कसं सांगायचं एवढाच प्रश्न होता. पंगतीच्या टोकाला तिचे वडील बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तो आमचोच."

आत्याबाईंचं समाधान झालं. मी पुढच्या पानाकडे वळलो. त्या पंगतीत मी काय वाढलं, कुणाला वाढलं, मला आठवत नाही. बहुधा पुन्हा भातावर कढी ओतली असेन.

पोटगी रद्द करायला मात्र कोर्टात जावंच लागलं. रत्नागिरीला आम्ही चौघे गेलो, ती, मास्तर, मी आणि म्हातारे. जज्जसाहेब नवीन होते. त्यांनी कागद चाळले, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौघे एकाच बाकावर बसलो होतो आणि म्हातारे मास्तरांना आणि मला भाजलेले चणे वाटत होते.

"यात अर्जदार कोण आणि विरुद्ध पक्ष कोण?" साहेबांनी विचारलं.

माझे वकील उठले. "साहेब, यात विरुद्ध कोणीच नाही," ते म्हणाले. साहेबांनी तिला विचारलं, तिची काही हरकत आहे का. ती उभी राहिली आणि कोर्टातल्या शुद्ध भाषेत म्हणाली, "हरकत नाही. यांनी एकही हप्ता चुकवला नाही. मधला एक राहिला होता, तोही त्यांनी फेडला." साहेबांनी मान हलवून सही केली.

खानावळीतली नोकरी मी पुढेही दोन वर्षं केली, मग वेंगुर्ल्याला बंदराजवळ स्वतःची काढली. पण ते नंतर. कोर्टाचा निकाल लागल्यावर पहिला पगार झाला तो अख्खा माझ्या हातात राहिला. काय करावं सुचेना. आई तेव्हा जामसंड्यालाच होती. मी तिला म्हटलं, "चल, मालवणाक जावया. किल्लो बघया." जन्मभर त्या किनाऱ्यावर राहून आम्ही दोघांनी सिंधुदुर्ग किल्ला कधी आतून पाहिला नव्हता. होडीत आईने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता आणि डोळे मिटले होते, पण किल्ल्यात पोचल्यावर ती माझ्यापुढे चालू लागली. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत हे तिला खोटं वाटत होतं. साखरबाव नावाच्या विहिरीचं पाणी तिने ओंजळीत घेतलं, तोंडात घोळवलं, आणखी एक ओंजळ घेतली.

"गोडा आसा," ती म्हणाली. मग तटावर चढून बसली, पाय लांब केले आणि मला म्हणाली, "बस जरा. इतक्यात खंय जावचा आसा?"

खाली होडीवाला भरती येतेय म्हणून हाका मारत होता. आम्ही त्याला आणखी थोडा वेळ थांबायला सांगितलं.